थांबायची तारीख

5 जानेवारी 2019 च्या शनिवारी जगभरातल्या साडेतीन हजारांहून जास्त शाळकरी संघांना एकाच वेळी एक खेळ कळला. मैदानातल्या रॉकेटच्या भोकांवर पॉलिकार्बोनेटच्या गोल चकत्या बसवायच्या, मग आत नारिंगी चेंडू भरायचे आणि अडीच मिनिटांचा सामना संपता संपता यंत्राने पायऱ्यांच्या चौथऱ्यावर चढून थांबायचं. हे करणारं यंत्र मुलांनी स्वतः घडवायचं, त्याचं वजन 125 पौंडांच्या, म्हणजे साधारण 57 किलोंच्या आत ठेवायचं आणि 19 फेब्रुवारीच्या रात्री बाराला एक मिनिट कमी असताना हातातली हत्यारं खाली ठेवायची. त्यानंतर यंत्राला हात लावायचा नाही. मधे उरतात साडेसहा आठवडे.

या आठवड्यांना या रोबोट-स्पर्धेत ‘बिल्ड सीझन’ म्हणतात आणि त्या शेवटच्या रात्रीला ‘बॅग डे’ म्हणत. मिशिगनमध्ये हिवाळा लांबलचक असतो, पण ज्या घरातलं मूल अशा संघात असेल, त्या घराचं सगळं वेळापत्रक या दोन तारखांच्या मधे बसवलेलं असायचं. मी मोटारींच्या वायरिंगचं काम करणारी इंजिनिअर. मुलगी नववीत संघात गेली आणि तिच्या मागोमाग मीही इलेक्ट्रिकल गटाची मार्गदर्शक म्हणून संध्याकाळी शाळेच्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागले. मुदत या गोष्टीबद्दल आज मला जे वाटतं, ते बरंचसं त्या वर्कशॉपमध्ये घडलेलं आहे. मला वाटतं, मोठ्यांनी मुलांना ज्या मोलाच्या गोष्टी द्याव्यात त्यांत एक चांगली मुदत असावी. अट एकच: ती मोठ्यांनीही पाळली पाहिजे.

ही स्पर्धा भरवणारी ‘फर्स्ट’ ही संस्था डीन केमन या संशोधकाने 1989 साली काढली. अंगावर बाळगता येणारा औषधाचा पंप, जिने चढणारी चाकांची खुर्ची, सेगवे अशी यंत्रं त्याच्या नावावर आहेत. खेळाडूंच्या वाट्याला येणारं कौतुक विज्ञान शिकणाऱ्या मुलांच्याही वाट्याला यावं, ही त्याची तळमळ. त्याला साथ मिळाली एमआयटीतल्या वुडी फ्लॉवर्स या प्राध्यापकाची. फ्लॉवर्सच्या वर्गात विद्यार्थ्यांना किरकोळ सामानाची एक पेटी मिळे आणि त्यातून यंत्र बनवून सत्राच्या शेवटी एकमेकांशी सामना खेळावा लागे. 1992 साली न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरात एका शाळेच्या व्यायामशाळेत 28 संघांनी पहिली स्पर्धा खेळली, तेव्हा त्या वर्गातली ही कल्पना शाळकरी मुलांपर्यंत पोहोचली होती.

पूर्वी मुदतीच्या दिवशी रोबोट लाकडी खोक्यात बंद करून कुरिअरने स्पर्धेच्या गावी पाठवावा लागे. ट्रक निघाला की विषय संपला. पुढे रोबोट आपापल्या गाडीतून नेण्याची सोय झाली, तेव्हा खोक्याची जागा प्लास्टिकच्या भल्यामोठ्या पिशवीने घेतली. रोबोट पिशवीत उभा करायचा, पिशवीचं तोंड आवळून क्रमांक छापलेली पट्टी ओढायची, तो क्रमांक आणि वेळ फॉर्मवर लिहायची आणि एका मोठ्या माणसाने खाली सही करायची. स्पर्धेच्या ठिकाणी पट्टीवरचा आणि फॉर्मवरचा क्रमांक जुळवून पाहत, एवढाच पहारा. बाकी तो रोबोट शाळेतच, मुलांच्या डोळ्यांसमोर, वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडून असायचा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवर, आणि त्यांच्याहून जास्त हौशी असणाऱ्या आम्हा मोठ्यांवर, एवढा विश्वास टाकणारा नियम मी दुसरीकडे क्वचितच पाहिला.

कागदावर वेळापत्रक नेहमी नीटच असतं. पहिले काही दिवस नियम वाचायचे आणि काय करायचं ते ठरवायचं. दुसऱ्या आठवड्यात प्लायवूड, पीव्हीसी पाइप आणि झिप-टाय जोडून नमुने करून बघायचे. तिसऱ्यात संगणकावर आरेखन, मग घडाई आणि जोडणी, मग वायरिंग, शेवटी प्रोग्रॅमिंग आणि चालवण्याचा सराव. प्रत्यक्षात गिअरबॉक्सचा एखादा भाग उशिरा येतो, म्हणून सांगाडा उशिरा उभा राहतो. सांगाडा नाही म्हणून वायरिंगवाले थांबतात. मोठ्या पंगतीत पहिली पंक्त रेंगाळली की शेवटच्या पंक्तीला गार भात आणि तळाची आमटी मिळते, तशी गत प्रोग्रॅमिंगच्या मुलांची होते. यंत्र त्यांच्या हाती येतं तेव्हा मुदत दारात उभी असते, आणि रोबोट हलला नाही तर सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघतात.

माझी मुलगी या शेवटच्या पंक्तीतली. नववीत असताना ती अजून न जन्मलेल्या यंत्रासाठी आठवडेच्या आठवडे लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहीत बसली आणि हाती यंत्र आलं ते शेवटच्या रात्री. पुढच्या मोसमात तिने तिसऱ्या आठवड्यातच यंत्रविभागाच्या प्रमुख मुलाला गाठलं. “पूर्ण रोबोट नको, चाकं फिरणारी फळी दे. वर काय बसवायचं ते तुम्ही नंतर ठरवा,” असं तिने त्याला सांगितलं. मग गेल्या वर्षीच्या यंत्राचा खालचा भाग सोडवून तिला मिळाला आणि त्यावर तिच्या गटाचं काम सुरू झालं. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. आपल्या उशिराची किंमत दुसरा कुणीतरी मोजतो, आणि आपल्या वाट्याचा वेळ वेळेवर मागून घ्यावा लागतो, या दोन गोष्टी तिला त्या भिंतीवरच्या तारखेने शिकवल्या. मोटारीच्या कारखान्यात मी मोठमोठ्या लोकांना या गोष्टी पन्नाशीत शिकताना पाहिलं आहे.

माझ्या गटात दहावीतली एक मुलगी होती, फारच कमी बोलणारी. बॅटरीच्या जाड तारांना टोकं दाबून बसवायचं काम तिच्याकडे होतं. तारेवरचं आवरण कापायचं, आतले तांब्याचे पदर एकही न तुटता मोकळे करायचे, टोकाच्या नळीत सरकवायचे, दाबाच्या पकडीने चेपायचे आणि मग दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघायचं. मुदतीच्या आदल्या रात्री सगळीकडे गडबड होती. करवतीचा आवाज, रिव्हेट मारल्याचे खटके, चार्जरजवळ कुणाची तरी हाक. ती मात्र प्रत्येक टोक ओढून पाहत होती. एक टोक निसटून हातात आलं. तिने तार पुन्हा कापली, पुन्हा सोलली, नवं टोक घेतलं. कुणीतरी म्हणालं, “अगं, चालेल, वेळ नाहीये.” ती मान वर न करता म्हणाली, “सामन्यात हे निसटलं तर सगळा रोबोट जागेवर थांबेल.” घाई आणि हयगय यांतली सीमा पंधराव्या वर्षी ओळखता येणं फार मोठं आहे. वेळ भरपूर असता तर ती ओळखायची तिच्यावर वेळच आली नसती. कमी वेळातच कळतं की काय टाळता येतं आणि काय टाळता येत नाही.

टाळण्याचं शिक्षण सगळ्यांत अवघड. 2019 च्या त्या खेळात चौथऱ्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर चढलं तर 12 गुण होते, मधल्या पायरीला 6 आणि खालच्या पायरीला 3. संघातल्या एका मुलाने वरच्या पायरीसाठी उचलयंत्रणा आखली होती. संगणकावर ती सुरेख चालायची. चौथ्या आठवड्यात सगळे फळ्यासमोर बसले आणि उरलेल्या दिवसांची बेरीज मांडली. ही यंत्रणा करायची तर चकत्या बसवणारा हात पूर्ण होणार नाही आणि सरावाला एकही संध्याकाळ उरणार नाही, हे लख्ख दिसत होतं. मतदान झालं नाही, वाद फारसा झाला नाही. तो मुलगा स्वतःच उठला आणि त्याने फळ्यावरची आपली ओळ पुसली. दुसऱ्या दिवसापासून तो बंपर करायला बसला. प्लायवूडच्या पट्ट्या, त्यावर पोहण्याच्या तलावात वापरतात त्या फोमच्या नळ्या, वरून ताणून बसवलेलं लाल आणि निळं कापड, त्यावर संघाचा क्रमांक. कंटाळवाणं आणि अत्यावश्यक काम. त्या मोसमात आमच्या रोबोटचे बंपर एकदाही सैल झाले नाहीत. आपल्या लाडक्या कल्पनेवर फुली मारून दुसऱ्याच्या कामाला खांदा देणारा तो मुलगा मला कोणत्याही पदकापेक्षा मोठा वाटतो. ती फुली मारायला त्याला बळ दिलं ते त्या तारखेने. तारीख नसती तर ती यंत्रणा ‘करूया की, बघू’ म्हणत सगळ्यांचा वेळ खात राहिली असती.

बॅग डेच्या रात्री आम्ही घरी परतलो तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. त्या मिरजेहून आमच्याकडे काही महिन्यांसाठी आल्या होत्या. बिल्ड सीझनमध्ये पालक पाळीपाळीने वर्कशॉपमध्ये जेवण नेत, आणि आमच्या पाळीला त्यांनी सगळ्या संघासाठी पावभाजी केली होती. मुलीने त्यांना सगळी हकीकत सांगितली. पिशवी, पट्टी, सही, आता हात लावायचा नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, “यंत्र निजवलंत ना? मग आता पोरीलाही निजू दे. किती दिवस नीट झोपली नाहीये ती.”

हे त्यांनी सहज म्हटलं असेल, पण मुदतीची दुसरी बाजू त्या वाक्यात पूर्ण सामावलेली आहे. शेवटच्या आठवड्यात मुलं दहा-अकरापर्यंत शाळेत थांबत, गृहपाठ गाडीत करत, सर्दीतापातही येत. मोठेही नोकरी करून तिथे येत. आणि पिशवीने सगळ्यांना सारखं थांबवलं असंही नव्हतं. 2019 पर्यंत नियम असा होता की पिशवीबाहेर 30 पौंड वजनापर्यंतचे सुटे भाग बनवून स्पर्धेला नेता येत. शिवाय ज्या संघांकडे पैसा होता, ते सुरुवातीपासून दोन रोबोट बनवत. एक पिशवीत जाई आणि त्याचं जुळं भावंड सरावासाठी बाहेर राही. त्यांचे चालक स्पर्धेच्या दिवसापर्यंत रोज सराव करत, त्यांचे प्रोग्रॅमर चुका दुरुस्त करत. ज्या गावातल्या शाळेला एकाच रोबोटचं सामान जमवताना नाकी नऊ येत, त्यांचा रोबोट पिशवीत आणि मुलं हातावर हात धरून. नियम सगळ्यांना एक, पण तो बोचायचा गरिबाला जास्त. नियम करणाऱ्यांनी हे पाहिलं आणि 2018 साली जाहीर केलं की 2020 च्या मोसमापासून पिशवी बंद. रोबोट स्पर्धेच्या दिवसापर्यंत मोकळा राहील. हा निर्णय न्यायाचा होता असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

पण बाहेरून आलेली तारीख गेली की आतून तारीख ठरवावी लागते, आणि ते मोठ्यांना फार जड जातं. मला याची थोडी कल्पना माझ्या भाच्यामुळे होती. तो पुण्यात इंजिनिअरिंगला असताना रोबोकॉनच्या संघात होता. आशिया आणि पॅसिफिकमधल्या देशांची ही महाविद्यालयीन स्पर्धा 2002 साली टोकियोत सुरू झाली. 2008 साली तिची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतलेला होता. 2014 साली ती पुन्हा पुण्यात, बालेवाडीला आली तेव्हा एका रोबोटने आईबापासारखं दुसऱ्या छोट्या रोबोटला झोपाळ्यावर, सीसॉवर खेळवायचं होतं. 2022 साली दिल्लीत तर चक्क लगोरी होती. तिथे नियमपुस्तिका कित्येक महिने आधी हाती येते आणि रोबोट कुठल्या पिशवीत बंद होत नाही. पण भाच्याच्या शेवटच्या रात्री आमच्या मुलांच्या शेवटच्या रात्रींहून जराही वेगळ्या नव्हत्या. कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच चहा, तिथेच बाकावर डुलकी, आणि टेम्पो निघायच्या वेळेलाही कुणीतरी स्क्रू आवळतंय. महिने दिले काय आणि आठवडे दिले काय, काम मिळालेली सगळी जागा व्यापतं. मुलांना वाचवतं ते वेळेचं प्रमाण नसतं. कुणीतरी थांबा म्हणणारं लागतं.

2020 चा मोसम 4 जानेवारीला सुरू झाला. फेब्रुवारीतली ती ठरलेली रात्र या वेळी येणार नव्हती, पिशवी नव्हती. आम्ही मार्गदर्शकांनी एकत्र बसून ठरवलं की मुख्य घडाई पूर्वीच्याच तारखेला संपवायची, त्यापुढे फक्त सराव आणि दुरुस्ती, आणि रात्री नऊला दिवे बंद. सगळ्यांना ते आवडलं नाही. शेजारच्या गावातले संघ उशिरापर्यंत काम करताहेत, हे मुलांना कळत होतं. पण मार्चच्या सुरुवातीला आमचे चालक रोबोट असा सफाईने चालवत होते की तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता. आमच्या स्पर्धा मार्चच्या उत्तरार्धात होत्या. 12 मार्चला साथीमुळे संपूर्ण मोसम थांबवल्याचं जाहीर झालं. आमच्यासारख्या कितीतरी संघांचा त्या वर्षीचा रोबोट मैदानात उतरलाच नाही.

बारावीतली मुलं रडली. त्यांच्यासाठी पुढचं वर्ष नव्हतं. दोन-तीन आठवड्यांनी मात्र त्याच मुलांनी शाळेची परवानगी काढून थ्री-डी प्रिंटर घरी नेले आणि दवाखान्यांसाठी फेस शील्डच्या पट्ट्या छापायला घेतल्या. देशभरातल्या अनेक संघांनी असं काम केलं. फोनवर त्यांचं बोलणं ऐकताना मला फळ्यासमोरची ती संध्याकाळ आठवली. एकाने पट्टी अधिक मऊ करायची कल्पना मांडली, दुसऱ्याने विचारलं की त्याने छपाईचा वेळ किती वाढेल, आणि पुढच्या मिनिटाला ती कल्पना बाजूला पडली. दवाखान्याला आज पट्ट्या हव्या होत्या. त्यांचा रोबोट एकही सामना खेळला नाही, तरी त्यातलं जे कामाचं होतं ते मुलांकडे शाबूत होतं. कमी वेळात नेमकं काय करायचं आणि काय सोडून द्यायचं, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

आता महाराष्ट्रातही हे वारं शाळांपर्यंत आलं आहे. 2016 पासून देशातल्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहत आहेत. सहावी-सातवीतली मुलं आर्डुइनो आणि मोटारी हाताळताना मी सुट्टीत आले की बघते. त्यांच्या डोळ्यांतली चमक तीच आहे जी मी मिशिगनच्या बर्फात पाहिली. स्पर्धा वाढतील, पालकांची ईर्ष्याही वाढेल, आणि इथे तर शाळा, क्लास आणि परीक्षा मुलांच्या संध्याकाळींवर आधीच हक्क सांगून बसलेल्या आहेत. म्हणून या मुलांना शिकवणाऱ्या सर-मॅडमना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं एक सांगणं आहे. पहिल्या दिवशी फळ्यावर दोन गोष्टी लिहा. एक, घडाई थांबायची तारीख, आणि ती स्पर्धेच्या निदान दोन आठवडे आधीची ठेवा, म्हणजे जे बनलंय ते चालवून बघायला, मोडायला आणि दुरुस्त करायला मुलांना वेळ मिळेल. दुसरी, रोज वर्कशॉपला कुलूप लागायची वेळ. पहिली मुदत मुलांना पाळायला लावा. दुसरी तुम्ही स्वतः पाळा, आणि अगदी शेवटच्या रात्रीही ती मोडू नका.